दोन डावी दारं

जुन्या गाडीच्या दाराला घाई चालत नाही. वोइनशेतने काच वरखाली करायच्या हँडलमागे जुनेराची चिंधी घातली, दोन्ही टोकं धरून आरीसारखी मागेपुढे ओढली, आणि आतली तारेची कडी टुपकन उडून तिच्या मांडीवर पडली. ती तिने बिनकानाच्या कॉफीच्या कपात टाकली. डाव्या दाराचा कप वेगळा, उजव्या दाराचा वेगळा. मग हाताच्या टेकूखालचे दोन स्क्रू, मग कडेच्या क्लिपा. क्लिपा वाळल्या शेंगेसारख्या झालेल्या. पट्टी सरकवून एकेकीला समजावत बाहेर काढायची, तरी चारपैकी एक मोडतेच. शेवटी पॅनल खालून सुटं झालं की दोन्ही हातांनी कवेत घेऊन वर उचलायचं, झोपलेलं मूल उचलतात तसं.

हे काम ती तीस वर्षं करत होती. तिच्या मनगटांना आता मुलं उचलवत नव्हती.

ईस्टरच्या आधीचा आठवडा होता, हिमामात. आदिस अबाबामधला सगळ्यात मुका आठवडा. ख्रिस्ताला पकडून दिलं ते गालावरच्या चुंबनानं, म्हणून या आठवड्यात कुणी कुणाच्या गालाला गाल लावत नाही, हात हातात घेत नाही, कसा आहेस असंसुद्धा विचारत नाही. माणसं येतात, थेट कामाचं बोलतात, जातात. पंचावन्न दिवसांचा उपास संपत आलेला असतो, दुपार कलेपर्यंत पोटात पाण्याचा थेंब नसतो, त्यामुळे न बोलणं सगळ्यांना सोयीचंच पडतं.

गाडीचा मालक लिसानवर्क मात्र बोलल्यावाचून राहणारा नव्हता. शाळेत गणित शिकवणारा माणूस; गप्प बसवलं की त्याच्या ओठांना खाज सुटते.

"एतेते, शनिवारी दुपारी गाडी हातात पाहिजे," तो तिला थोरल्या बहिणीसारखी हाक मारत म्हणाला. "तशीच देब्रे बिरहानला काढतो. आईला घेऊन यायचंय. आणि येताना मेंढा."

"मेंढा?" वोइनशेतने मान वर केली. "मी नवं रेक्झिन चढवते, आणि तू त्यावर मेंढा घालणार?"

"मागे घालीन. मागचं झाकण उघडून. खाली ताडपत्री."

"आणि आई?"

"आई पुढे."

"उलटं करू नकोस म्हणजे झालं," पलीकडे निखारे फुंकत बसलेली देब्रितू म्हणाली. गॅरेजवाल्यांना कॉफी विकणारी बाई. स्वतः उपाशी, पण जीभ उपासाला न मानणारी. "म्हातारी ताडपत्रीवर आणि मेंढा पट्टा लावून पुढे."

लिसानवर्क हसला आणि मग लगेच गंभीर झाला. या गाडीच्या बाबतीत गंमत चालण्यासारखी नव्हती. गाडी त्याच्या वडिलांची. चारही दारं आतून वोइनशेतच्या वडिलांनी, तेमतिमेंनी मढवलेली. मागची दोन अजून जशीच्या तशी होती, पिकल्या खजुराच्या रंगाची. पुढची दोन मात्र उन्हानं तडकून गेली होती, आणि उजव्या दाराला, चालवणाऱ्याच्या शेजारच्या, टेकूच्या वर, एक भोकच पडलं होतं.

"ते आईचं कोपर," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं तिथंच टेकलेलं. वडील गेल्यापासून गाडीत बसलेली नाही. आता तिला दिसत नाही, पण हाताला सगळं कळतं. दाराला हात लावला आणि ते दुसरंच काही निघालं, तर ती उतरून घरात जाईल. मला माहीत आहे ना माझी आई. पुढच्या वर्षीच्या सणाला ती असेल की नाही…" पुढचं त्याने सोडून दिलं. "तेच रेक्झिन आहे म्हणालात म्हणून आलो."

तेच होतं. अर्धं.

अर्धं कसं, ते त्या गॅरेजांच्या उतारावर सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी तेमतिमे गेले, तेव्हा तिचा थोरला भाऊ गेबेयेहू दक्षिणेत अवासाला कामावर होता. तो आला तेव्हा माती देऊन झाली होती. "माझी वाट पाहिली नाहीस," तो म्हणाला. "तू फोन उचलला नाहीस," ती म्हणाली. पुढे चाळीस दिवस लोक मंडपात बसून समजूत घालत राहिले आणि ही दोघं त्याच दोन वाक्यांवर उभी राहिली. मग वाटणी. वडिलांचं पायमशीन तिला, कापायचं मेज त्याला. हत्यारं मोजून. आणि वडिलांनी जपून ठेवलेला खजुरी रेक्झिनचा गठ्ठा गेबेयेहूने जमिनीवर उलगडला, मधोमध कातरी लावली आणि तिच्याकडे न बघता शेवटपर्यंत कापत गेला. त्या कातरीचा चरचर आवाज वोइनशेतला अजून कधी कधी झोपेत ऐकू येई.

आता त्याची शेड चढावर, तिची उतारावर. मध्ये दोनशे पावलं. तो चर्चला वरच्या वाटेनं जाई, ती खालच्या.

तिने आपलं अर्धं कधी वापरलं नव्हतं. पण यंदा मनगटं फारच दुखायला लागली होती, आणि एक दिवस तिच्या मनात आलं, जपून जपून कुणासाठी ठेवायचं? तेव्हाच लिसानवर्क आला होता.

वडिलांचा एक नियम होता. उपासाच्या दिवसांत सकाळी काढायचं, खरवडायचं, पुसायचं. कातरी हातात घ्यायची ती दुपार कलल्यावर, पोटात दोन घास गेल्यावर. रिकाम्या पोटाला डावं-उजवं समजत नाही, असं ते म्हणत. बुधवारी वोइनशेतने सकाळीच जुना फोम खरवडून काढला, पुठ्ठ्यावरचा वाळका गोंद तासला, फुगलेल्या कडा दाबून सारख्या केल्या. ऊन पत्र्यावर चढलं. उद्याचा गुरुवार, शुक्रवारी तर दिवसभर चर्चमध्ये गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं, शंभरदा, दोनशेदा. हातात वेळ कुठे होता? तिला वाटलं, नुसतं कापून ठेवू. मग खाऊन शिवू.

रेक्झिन पालथं पसरलं. जुन्या आवरणाचा नमुना पालथा ठेवून खडूने रेघ ओढली, कापलं. डावं झालं. मग नमुना उचलून पुढच्या जागेवर ठेवला, रेघ ओढली, कापलं.

दुपार कलली. तिने आंबवलेल्या इंजिरा पोळीचे दोन तुकडे आणि मसूर खाल्ले, पाणी प्यायलं, डोळ्यांपुढचं धुकं जरा निवळलं. मग तिने दोन्ही तुकडे सरळ करून शेजारी शेजारी मांडले.

दोन्ही डावी.

नमुना उलटवायला ती विसरली होती. दोन तुकडे, जुळ्या बहिणींसारखे एकाच बाजूला मान वळवून पडलेले. वोइनशेत कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत बसली. रडावं इतकंही त्राण नव्हतं. उरलेले तुकडे ओढून बघितले, आडवे-उभे लावून बघितले. बोटभर पट्ट्या. म्हातारीच्या हाताएवढीसुद्धा जागा त्यातून निघत नव्हती.

"काय झालं गं?" देब्रितूने विचारलं.

"दोन डावी झाली."

देब्रितू उठून आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हातारीला मागे बसव," ती म्हणाली, पण मग वोइनशेतचं तोंड बघून तिने आवाज खाली आणला. "वर आहे ना अर्धं."

"माहीत आहे मला."

"मग जा की."

"कुठल्या तोंडानं? गेल्या गेल्या काय म्हणू? कसा आहेस म्हणू? अकरा वर्षं कसा होतास म्हणू?"

"अगं वेडे," देब्रितू म्हणाली, "हिमामात आहे. या आठवड्यात तोंड लागतंच कुठे? कुणीच कुणाला काही म्हणत नाही. देवानं तुझ्यासाठी आठवडा मोकळा करून ठेवलाय. रविवार उजाडला, की मग तीनदा गालाला गाल लावावा लागेल, घरदार, गुरंढोरं, सगळ्यांची चौकशी करावी लागेल. तेव्हा जाशील? नाही जाणार. मग आत्ताच जा."

त्या रात्री वोइनशेतला झोप लागली, कारण थकवा विचारांपेक्षा मोठा होता. गुरुवारी सकाळी तिने दोन्ही तुकडे जुन्या नमुन्यासकट गुंडाळले, काखेत धरले आणि वरची वाट धरली. दोनशे पावलं. तीनदा थांबावं लागलं. चढ फार नव्हता.

गेबेयेहू मेजावर वाकून कुठल्याशा मिनिबसच्या बाकाचं कापड मोजत होता. केस पांढरे झाले होते. हे तिला लांबून माहीत होतं, पण जवळून पांढरं वेगळं दिसतं. त्याने वर बघितलं. ती काही बोलली नाही. त्यानेही काही विचारलं नाही. शेजारच्या वेल्डरला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. त्या आठवड्यात सगळं शहर असंच एकमेकांसमोर उभं राहत होतं.

तिने दोन्ही तुकडे मेजावर ठेवले. एकावर एक. कडेला कड बरोबर बसली.

गेबेयेहूने वरचा तुकडा उचलला, खालचा बघितला, दोन्ही उलटे केले, खडूच्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"दुपार कलायच्या आधी कापलंस," तो म्हणाला.

अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

"हो."

"अब्बा काय सांगायचे?"

"माहीत आहे काय सांगायचे. म्हणून तर इथं उभी आहे."

तो मागच्या फळीवर चढला, पोत्याखालून एक गुंडाळी काढली, खाली उतरताना गुडघा धरला. गुंडाळी बारकी होती.

"हे एवढंच?"

"अर्ध्यातलं अर्धं वापरलं मी."

"कशाला?"

त्याने हनुवटीने कोपऱ्याकडे खूण केली. तिथे वडिलांचं बाक होतं. वाटणीत कुणी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. एक पाय आखूड, फळी चिरलेली. आता त्याच्यावर खजुरी रेक्झिन चढलं होतं, पितळी खिळ्यांची रांग घेऊन. पण चारातल्या तीन हिश्शांपर्यंतच. उरलेल्या हिश्शाला उघडी फळी.

"पुढचं लावायचं राहिलं," तो म्हणाला. "हात धजला नाही."

ती बाकाकडे बघत राहिली. मग त्याने गुंडाळी मेजावर पसरली, जुना नमुना त्यावर ठेवला. उलटवून ठेवला, आणि उलटवताना तिच्याकडे एक नजर टाकली. लहानपणी तिचा पतंग कटला की अशीच टाकायचा. लांबीला पुरत होतं. रुंदीला चार बोटं कमी.

"जोड द्यावा लागेल," तो म्हणाला.

"तिच्या बोटांना शिवण लागेल."

"कुणाच्या?"

मग तिला सांगावं लागलं. म्हातारी, तिचं कोपर, तिचे गेलेले डोळे, गाडीतला तिचा तो धनी. सांगता सांगता वोइनशेतच्या लक्षात आलं की आपण बोलतोय, आणि तिने बोलणं आखूड केलं.

"टेकूच्या खाली घेऊ जोड, जास्तीच्या डाव्यातून पट्टी काढून," गेबेयेहू म्हणाला. "हात तिथपर्यंत जात नाही. पण माझ्या मशीनला एवढं जाड पेलणार नाही. नवं मशीन आहे. रडतं."

"अब्बांचं पेलेल."

"पेलेल," तो म्हणाला. "तुझं मनगट सुजलंय."

"दोन वर्षं झाली."

तो दुपार कलल्यावर खाली आला. देब्रितूने त्या गुरुवारच्या रीतीचे उकडलेले गहू आणि सोललेले पावटे दोन वाडग्यांत घालून न बोलता दोघांपुढे ठेवले. तिने आयुष्यात एवढं मौन कधी पाळलं नसेल. खाऊन झाल्यावर गेबेयेहूने हात धुतले आणि मशीनसमोर उभा राहिला. लोखंडी पेडल वडिलांच्या पावलांनी मधोमध झिजलं होतं. त्याने चाकावर तळहात ठेवला, तसाच ठेवला.

"तू धर, मी चालवते," वोइनशेत म्हणाली.

"मनगट?"

"पायाला काही झालेलं नाही."

ती बसली. तो पलीकडून दोन्ही तुकडे ताणून धरून उभा राहिला. सुई खाली गेली. जाड रेक्झिनमधून धागा ओढला जाताना मशीन कण्हलं आणि मग चालू लागलं. या मशीनवर वडील टाके मोजत, ते आकड्यांनी नाही. त्यांचं एक होतं, गाणं म्हणायचं तर म्हणा. पण उपासातही ते चाले, कारण ती मोजणी होती. एका ओळीला बारा टाके. वोइनशेतच्या ओठांवर ते आपोआप आलं, आवाज न काढता, नुसत्या श्वासावर.

डावं दार धन्याचं, त्याचा हात चाकावरी
उजवं दार पाहुण्याचं, त्याला माया सोड थोरी

इथे ती अडखळली. पुढचं आठवेना. पाय मंदावला, सुई वरच थांबली. तीस वर्षं शिवतेय आणि पुढचं आठवेना, इतकी ती थकली होती. किंवा एवढ्या वर्षांत पहिल्या दोन ओळींतच तिचं काम भागत आलं असेल. पुढचा अर्धा भाग नेहमी दुसरं कुणीतरी म्हणायचं.

गेबेयेहूने कापड जरा ओढलं. मान खालीच. पुढचं त्याने म्हटलं.

टाका टाक्याला सांगतो, वाट पुढली चढाची
दोरा तुटता तुटता, गाठ घाल गं जोडाची

तिचा पाय चालू लागला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. शिवण सरळ गेली, केसासारखी.

उजेड होता तोवर त्यांनी पुठ्ठ्यावर नवा फोम बसवला, दोन्ही बाजूंना गोंद फासला आणि तो बोटाला चिकटेल पण बोटाबरोबर येणार नाही इतका वाळेपर्यंत वाट बघितली. ही वाट कुणालाच घाईने बघता येत नाही. मग त्याने मधून बाहेर, मधून बाहेर असं रेक्झिन दाबत नेलं आणि तिने वळणांवर बारीक कातरे देत कडा मागे दुमडल्या. एका ठिकाणी सुरकुती राहिली. त्याने ती उकलून पुन्हा बसवली. पुन्हा राहिली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "राहू दे. म्हातारी आहे, सुरकुती तिला ओळखीची वाटेल." ती हसली नाही, पण तिचे खांदे हलले.

शुक्रवारी दोघंही चर्चमध्ये होते, अंगणाच्या दोन टोकांना. कपाळ जमिनीला, पुन्हा उभं, पुन्हा कपाळ जमिनीला. शेकडो पांढऱ्या शालींची लाट. वोइनशेतने मोजणं सोडून दिलं होतं. दर वेळी उठताना तिच्या मनात एकच येई: शनिवारी दारं बसतील, काम संपेल. रविवारी रीत संपेल. मग जो आला नाही, तो का आला नाही, त्याला आठवड्याचं निमित्त असणार नाही. मग कळेल. गुडघे दुखत होते, मनगटं दुखत होती, आणि त्या दोन्हींहून खोल काहीतरी या एका विचारापाशी ठणकत होतं.

शनिवारी सकाळी तो आला. कपातल्या क्लिपा, कपातले स्क्रू. डाव्याचा डाव्याला, उजव्याचा उजव्याला. पॅनल वरून काचेच्या खाचेत अडकवलं, खाली आणलं, तळहाताचा ठोसा देत एकेक क्लिप बसवली. टप्, टप्, टप्. तारेची कडी हँडलमागे सरकली. हाताचा टेकू चढला. गेबेयेहू पुढच्या सीटवर बसला, डोळे मिटले, उजवं कोपर टेकवलं, बोटं दारावरून फिरवली. वर, पुढे, खाली टेकूपर्यंत. जोडाच्या अलीकडे थांबली.

"नाही लागत," तो म्हणाला.

लिसानवर्क आला तेव्हा गल्लीत घंटा वाजवत चर्चची माणसं आली होती, हिरव्या लव्हाळ्याच्या पात्या वाटत. उद्याची चाहूल. सगळ्यांनी कपाळाला पात्या बांधल्या. लिसानवर्कने उजव्या दाराला हात लावला, मग मागच्या दाराला, मग पुन्हा पुढच्या. त्याचं बोलणं पहिल्यांदाच आटलं. कपाळाची पाती सोडून त्याने ती आरशाला बांधली.

"मेंढा मागे," देब्रितू ओरडली. "विसरू नकोस!"

गाडी उतारावरून खाली गेली. धूळ बसली. शेडमध्ये दोघं उरली, आणि गोंदाचा वास.

गेबेयेहूने हात धुतले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून गोंद काढत. वोइनशेत झाडू लागली. दोरे, फोमची भुकटी, मोडक्या क्लिपा. झाडूखाली तो तुकडा आला. पट्टी काढून उरलेलं, जास्तीचं डावं दार.

गेबेयेहूने वाकून तो उचलला, धूळ झटकली, घडी घालून काखेत मारली.

"हे मला दे."

"आता काय करतोस त्याचं?"

"बाकाचं राहिलंय ना. एवढं पुरेल." तो दारापर्यंत गेला, थांबला, शेडमधल्या उलट्या ठेवलेल्या खोक्याकडे बघितलं. "तुझ्याकडे आलेल्या माणसाला बसायला धड काही नाही. अब्बा असते तर शिव्या घातल्या असत्या."

"तुझ्याकडे बाक आहे ना. तू घे बसून."

"उद्या खाली आणतो," तो म्हणाला. "खालच्या वाटेनं."

ती झाडूला टेकून उभी राहिली. उद्या रविवार होता. उद्या तीनदा गालाला गाल लावावा लागणार होता, आणि सगळं विचारावं लागणार होतं.

"उद्या सणाला खिळे ठोकणार आहेस?"

"आज ठोकतो."

तो चढ चढून गेला. वोइनशेत खोक्यावर बसली. उठून घरी जायला हवं होतं. उद्याच्या सणाची बारा तुकड्यांची कोंबडी, आणि तिच्यासाठी एवढे कांदे चिरायचे. पण पाय उचलेनात. थोड्या वेळानं वरून आवाज आला. टक्. टक्. टक्. पितळी खिळे, एकेक. मग बराच वेळ काहीच नाही. बहुधा कडा मोडून घेत असेल, नाहीतर गुडघा धरून बसला असेल. ती वाट बघत राहिली. वाट बघण्याइतकीच ताकद अंगात उरली होती.

पुन्हा टक्.

मग ती उठली. देब्रितूच्या टोपलीतून चार कांदे जास्तीचे मागून घेतले.

"घरात एकटी तू," देब्रितू म्हणाली, "एवढे कांदे कुणाला?"

"माणूस येणार आहे," वोइनशेत म्हणाली.